धुऱ्यावरच्या तारा

९ ऑक्टोबर २००६
उत्तर कोरियाने अणुबॉम्बची चाचणी केली. त्यांच्याच सरकारी वृत्तसंस्थेने सांगितलं. नागपूरहून संपादकांचा फोन — "अण्वस्त्रांचा हा प्रसार रोखता येतो का? रोखावा का? स्थानिक प्रतिक्रिया, पाचच्या आत!" कळंबच्या चौकात तिघांना विचारलं. एकानेच प्रश्न मनावर घेतला — "तिकडं लाईट किती घंटे राह्यते, भाऊ?"
पाठवलं. छापणार नाहीत.

१० ऑक्टोबर
गावी गेलो. शेती धाकटा भाऊ घनश्याम पाहतो. प्रसार तर इथंच चालू आहे! भगवानरावांनी रानडुकरांसाठी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तार ओढली, खांबावर आकडा टाकून करंट सोडला. डुकरं शहाणी — शेजारच्या धर्मपालच्या सोयाबीनमध्ये शिरली. मग त्यानेही तार लावली. परवा त्याचा बैल भगवानरावांच्या तारेला चिकटून मेला.
आणि त्याच धुऱ्यावरून तानाबाई पहाटेच्या अंधारात मजुरीने कापूस वेचायला जाते.

१२ ऑक्टोबर
पारावर दोघांना समोरासमोर बसवलं.
"तो काढन तं मी काढतो," भगवानराव.
"पयले कोनं लावली? बैल माहा मेला, तुमचा नाई!" धर्मपाल.
भगवानराव म्हणाले, कळंबच्या चिंतामणी गणपतीची शपथ घेऊ. धर्मपाल — "मी बौद्ध, मी घेत नाई. तुमी घेता, पन पाळत नाई!" सगळा पार हसला. भगवानरावसुद्धा.
पण तार पुन्हा लागली का, हे बघणार कोण? मोठमोठे देश इथंच अडकतात. मागून तानाबाई ओरडली — "माह्या घरी आनून टाका! मराचं मलेच हाय ना?"


१३ ऑक्टोबर
दोन्ही तारांची भेंडोळी तानाबाईच्या खुराड्यावर. कोंबड्यांचा पहारा. "माही तार कायले हुंगून राह्यला बे?" — भगवानराव धर्मपालला. "पुरी हाय का पाह्यतो!"
निरीक्षणाचा खर्च — शून्य.

१५ ऑक्टोबर
सुरक्षा परिषदेने कोरियावर निर्बंध लादले. संपादकांना लेख पाठवला. प्रसार रोखता येतो, असं लिहिलं. जग काही सुधारत नाही, डुकरं सगळ्यांचंच थोडं थोडं खातात. पण वाटेने जाणारं माणूस जिवंत घरी येतं. तेवढ्यासाठी खटाटोप करावा. शेवटचं वाक्य जरा भाषणासारखं झालं. राहू दिलं.

१८ ऑक्टोबर
लेख छापून आला. फोटोसकट!
संध्याकाळी भावजयीचा, कोकिळेचा फोन — "भाऊजी, डुकरायनं आपली ज्वारी आडवी केली. यायनं यवतमाळवरून नवी तार आनली, त्याच धुऱ्यावर बांधून राह्यले. कोनाले सांगू नोका."
घनश्यामकडे तार नव्हती, म्हणून पारावर त्याला कोणी विचारलंच नाही. मीही नाही.
त्याचा फोन बंद. रात्री लाईट येईल. पहाटे तानाबाई निघेल. गाडी काढतो.