अर्धी बाटली

८ फेब्रुवारी

डोंबिवलीत येऊन पोचले. मानपाड्याला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळालाय, खिडकी पूर्वेकडे. घरमालकीण सरोजताई साने खालच्याच मजल्यावर राहतात, निवृत्त शिक्षिका आहेत. किल्लीबरोबर त्यांनी साबुदाण्याची खिचडी दिली आणि मी नेमकं काय करते ते विचारलं. झाडं किती पाणी पितात ते मोजते, असं मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, आमच्या नळाला किती येतं ते मोजायला कधी कुणी आलं नाही, पण तुम्ही झाडांपर्यंत पोचलात हे बरं झालं. बाई मला आवडल्या. शहरही आवडेलसं दिसतंय.

काम सरळ आहे. रस्त्यासाठी खाडीकाठच्या एका गावातली जुनी करंजाची झाडं उपटून कंपनीने इथे कारखान्यांमागच्या मोकळ्या भूखंडावर आणून लावलीत. ती जगली का, हे मी सांगायचं. जगली असतील तर सरकारची समिती मोहन्याला नदीकाठची शेकडो झाडं अशीच हलवायला परवानगी देणार. मेली असतील तर मोहन्याची झाडं जागेवर राहणार. इतकी वर्षं निबंध लिहिले ते कुणी वाचले नाहीत. पहिल्यांदाच माझ्या मोजमापावर काहीतरी ठरणार आहे.

प्रकल्पप्रमुख आनंद सबनीस यांनी भूखंडावर छोटा समारंभ ठेवला होता. नव्या माणसाने एक झाड दत्तक घ्यायचं. पाणी वाया जाऊ नये म्हणून बाटली अर्धी आपण प्यायची आणि उरलेली झाडाला घालायची, अशी इथली पद्धत. खोडावर पाटी लागली, ‘क्षिप्रा देवधर’. मी प्यायले, ओतलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाटलीतलं प्यालोय, आता नीट वाग, असं त्या करंजाला मनातल्या मनात सांगितलं.

११ फेब्रुवारी

इतक्या लवकर राग येईल असं वाटलं नव्हतं.

माझा तंत्रज्ञ जयेश याच्याबरोबर पाच-सहा झाडांचे बुंधे उकरून पाहिले. एवढ्या थोरल्या झाडांना बादलीत मावतील एवढीच मुळं ठेवलेली. बाकी सगळी जेसीबीने तोडली आहेत, तीही कापून नाही, ओरबाडून. झाड आणायला जयेश स्वतः गेला होता. ‘मॅडम, मी गेलेलो ना. तो जेसीबीवाला घाईत होता, बोलला झाड काय बोंबलणार आहे का,’ असं त्याने सांगितलं आणि मग त्यालाच कसंतरी झालं.

साली ठोकल्या की पोकळ वाजतात. ही मेलेली झाडं आहेत. ती मातीत उभी करून ठेवलीत आणि वरून हिरवी जाळी गुंडाळली आहे. याला पुनर्रोपण म्हणतात, आणि याच्या जोरावर धोरण ठरतं. सबनीसांना स्पष्ट सांगितलं की मी ‘मृत’ असंच लिहिणार. ते अजिबात रागावले नाहीत. यंत्र म्हणेल ते लिहा मॅडम, आम्ही मध्ये पडत नाही, एवढंच म्हणाले.

आज सेन्सर बसवले. खोडात दोन बारीक सुया असतात. खालची तापते, आणि वर चढणाऱ्या पाण्याबरोबर ती ऊब वरच्या सुईपर्यंत किती लवकर पोचते यावरून झाडाचं पिणं कळतं. मेलेल्या खोडात ऊब जागीच विरते. स्क्रीनवर सपाट रेघ येते.

१८ फेब्रुवारी

रेघ सपाट नाही.

सगळ्या झाडांची नाही. कुणी दत्तक न घेतलेली झाडं अपेक्षेप्रमाणे मेलेली आहेत. पण पाटी असलेलं प्रत्येक झाड पितंय. सकाळी चढ, दुपारी कळस, उन्हं उतरताना उतार, अगदी पाठ्यपुस्तकातल्यासारखं. सुया बदलल्या, बॅटऱ्या बदलल्या, ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन यंत्रं तपासून आणली. चूक नाही. पाटीवाल्या झाडांखालची माती पुन्हा उकरली, ती विटेच्या चुऱ्यासारखी कोरडी. पाणी खालून येतच नाहीये.

मग येतंय कुठून?

सबनीस आकडे बघून खूश आहेत. मला फार संताप आला, कुणाचा ते नीट सांगता येत नाही. बहुधा यंत्राचा. तहानही विचित्र लागते हल्ली. ऑफिसातला कॅन मीच संपवते, अशी चेष्टा चालते.

२३ फेब्रुवारी

आज भूखंडावर मालू आली होती. झाडं ज्या कोळी गावातून आणली तिथली, मानपाड्याच्या नाक्यावर मासळी विकते. टोपली रिकामी झाली की अधूनमधून आपले करंज बघायला येते. त्यांच्याच बियांचं तेल हे लोक होड्यांना लावायचे. कंपनीवर तिचा माझ्याहून जास्त राग आहे. मेली म्हणून लिही गो बाय, नायतर नदीवरची पन नेतील, असं तिने बजावलं.

यंत्र काय दाखवतं ते मी सांगितलं. अर्ध्या बाटलीचं सांगितलं तशी ती माझ्या करंजाकडे वळली. मग म्हणाली, ‘उष्टा कोनाला देतान गो? आपले पोराला, नवऱ्याला. त्याला उष्टा दिलास, आता त्यो तुजा झाला. मुळां नाय त्याला, मंग त्यो पिनार कोनाचे अंगातशी?’

आणि लगेच हसली. मी म्हातारी काय पन बोलतंय, शिकलेली तू, तूच बघ, म्हणाली. मीही हसले. पण घरी येईपर्यंत दोन बाटल्या प्यायले होते आणि ओठ तरीही फुटलेले.

१ मार्च

माझ्याआधी इथे सुश्रुत लेले नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. नोकरी सोडून गेला एवढंच मला सांगण्यात आलं होतं. त्याच्या नावाचा करंज भूखंडावर सगळ्यांत हिरवा आहे.

तो कल्याणच्या एका हॉस्पिटलात आहे. बायको मैथिली भेटली. डॉक्टर म्हणतात शरीरात पाणी टिकत नाही. सलाईन लावलं की जातं कुठे तेच कळत नाही. तपासण्या सगळ्या झाल्या. माझ्याच वयाचा माणूस, आणि हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. मी भूखंडावरून आले म्हटल्यावर त्याने डोळे उघडले.

‘किती हिरवं आहे?’ त्याने विचारलं.

त्याच्या आवाजात कौतुक होतं. तेच मला सहन झालं नाही.

५ मार्च

प्रयोग केला. सेन्सरचा स्क्रीन समोर ठेवून माझ्या करंजाखाली बसले. घोटही न घेता बसले तेव्हा रेघ रेंगाळली. मग बाटलीभर पाणी एका दमात प्यायले. थोड्याच वेळात रेघ उसळली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. जयेशच्या झाडाशी जयेशला घेऊन केलं, तेच.

खोडावरची पाटी उपटून फेकली. फरक नाही. काल वागळे इस्टेटला गेले होते, तिथे प्यायलेलं पाणीही इथल्या नोंदीत चढलेलं दिसलं.

विज्ञानात ज्याला पुरावा म्हणतात तो माझ्याकडे आहे. तो कुणापुढे ठेवू? कुठल्या मासिकात?

९ मार्च

झाड कापून टाकावं असं माझ्या डोक्यात होतं. त्याआधी ही गोष्ट घडली.

सुश्रुतच्या करंजाची फांदी तारेला लागत होती म्हणून सबनीसांच्या माणसाने सकाळी करवतीने उतरवली. कापातून स्वच्छ पाणी वाहायला लागलं. थेंब थेंब नाही, धार. जयेशने माती लावली, कापड बांधलं, थांबेना. दुपारी आपोआप थांबलं.

संध्याकाळी मैथिलीचा फोन आला. सुश्रुत दुपारी गेला.

१२ मार्च

सुश्रुतचं झाड वाळलं. दोन दिवसांत पार कोळसा. सबनीस म्हणाले कीड लागली, ते झाड नमुन्यातून वगळा. ‘वगळा.’ हाच शब्द वापरला त्यांनी.

मी त्यांच्या केबिनमध्ये ओरडले. आयुष्यात कुणावर एवढी ओरडले नसेन. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दार लावलं. तेव्हा लक्षात आलं की सबनीसांच्या नावाचं झाड भूखंडावर नाही. समारंभात ते फक्त टाळ्या वाजवत होते. भूखंडावर मी त्यांना कधी पाणी पिताना पाहिलेलं नाही.

‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘झाडांना पाणी कुणीतरी द्यायलाच हवं ना?’

मग त्यांनी मला पुढची योजना दाखवली. जलदिनाला, २२ तारखेला, समिती येणार. मृत झाडांच्या जागी नवी आणलीत. प्रत्येक झाडाला एक विद्यार्थी. ‘माझं झाड, माझी अर्धी बाटली’. आधी इथल्या शाळा, मग मोहने, मग कल्याण-डोंबिवलीतल्या सगळ्या. आधार म्हणून माझे आकडे जोडलेत.

माझे आकडे.

१५ मार्च

समितीला पत्र पाठवलं. उत्तर लगेच आलं. आपण स्वतः सादर केलेल्या मोजमापांशी आपलं म्हणणं विसंगत आहे, असं त्यात आहे. शाळेत गेले. मुख्याध्यापक चहा पाजून हसले. सरोजताईंना सांगितलं. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि डॉक्टरचं नाव दिलं. त्यांच्याच शाळेची मुलं येणार आहेत. त्या कौतुकाने सांगत होत्या.

जयेशलाही सांगितलं. तो हल्ली दिवसभर पाणी पितो आणि माझ्याकडे बघत नाही. नोकरी जाईल मॅडम, म्हणाला.

आता एकच उरलं. सुश्रुत गेला आणि झाड वाळलं. मी मरणार नाही. पण मी पाणी सोडलं तर माझंही झाड सुकेल. समितीसमोर स्क्रीनवर सपाट रेघ पडेल. मेलेलं झाड मेलेलं दिसेल. त्यांना यंत्रच हवंय ना? यंत्र दाखवेन.

१९ मार्च

कालपासून पाणी बंद. रेघ उतरतेय. पानं लोंबतात. बरं वाटलं.

सरोजताईंनी ताक आणलं होतं. दार उघडलं नाही.

२० मार्च

रेघ अजून खाली. डोकं ठणकतं. लघवी नाही. मालू नाक्यावर भेटली, चेहरा बघून घाबरली. पी गो, पी, म्हणाली. सोडून जा हा गाव. सांगितलं, परवा झालं की जाते.

२१ मार्च

उतरायची थांबली. का? प्यायले नाही. शपथेवर नाही. ओठही ओले केले नाहीत —

मग झाड काय पितंय?

रडू आलं. पाणी आलं नाही डोळ्यांत.

२२ मार्च

भूखंड. करंजाखाली खुर्ची. जयेशने गाडीतून आणलं. पेन धरवत नाही नीट.

समिती आली. स्क्रीन पाहिला. सपाट नाही. वर गेलीय. कधी नव्हती एवढी वर. फांद्यांवर कोवळी पानं, तेलकट, काल नव्हती. माझ्यात उरलं होतं ते सगळं घेतलं त्याने. अध्यक्षांनी खोडावर हात ठेवून फोटो काढला. सबनीस म्हणाले, मॅडमच्या मेहनतीचं —

बोलायला गेले. आवाज नाही. हवा नुसती.

मुलं येतायत. रांगेने. गळ्यात बाटल्या, घरून भरून दिलेल्या. झाडाझाडावर नव्या पाट्या. सरोजताई आहेत. हात वर केला. त्यांनीही हात हलवला, हसल्या —

जयेश, हे वाच. मोठ्याने वाच. मुलांना सांग पाणी सगळं प्या. घोटही ठेवू नका. झाडाला उष्टं —

तो शूटिंग करतोय. बघत नाही इकडे —

माझ्यासमोरची मुलगी. झाकण उघडलं. पितेय. अर्ध्यावर थांबली. सबनीसांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

पी बाळा. अजून पी. सगळी पी. थांबू न