हिरवी रेघ

पांढुर्णा, गोटमारीची संध्याकाळ, १९८६

खरं बोलायला नको होतं का? बाबांच्या छातीवर डॉक्टरांनी बांधलेली डबी बिनतारी आहे. तिच्यामुळे त्यांचं हृदय पलीकडच्या खोलीत पडद्यावर हिरव्या रेघेत दिसतं. आज गोटमारीत नदीवर दोन गावं एकमेकांवर दगड मारतात, त्या बंदोबस्ताची पोलीस जीप दवाखान्याच्या दारातच लागली. तिचा वायरलेस बोलला की रेघ विस्कटायची. बाबांचंच काही बिघडलं की काय, कळायला मार्ग नाही.

शेवटी मीच हवालदारांना जीप हलवायला सांगितलं.

"आमच्या सेटला लायसन आहे. तुमच्या डबीला आहे का, ताई?"

डबी डॉक्टरांच्या भावाने परदेशातून आणलेली. बिनतारी म्हणून तिलाही सरकारी लायसन लागतं, ते नाही. मी तसंच सांगितलं. घरी अक्षरं गिरवून घेताना बाबांनी मला खोटं बोलणं शिकवलंच नाही.

"मग बंद करा. तिकडे नदीवर डोकी फुटून राहिली, जीप नाही हटत."

डबी बंद झाली. विस्कटलेली का होईना, रेघ होती.

बाबा म्हणाले, "बरोबर केलं तू, बेटा."

माझ्या डाव्या हाताची बोटं त्यांच्या मनगटावर आहेत. ठोका चुकून राहिला की माझीच बोटं थरथरून राहिली, मला कळत नाही.