डगआउटमधली शांतता

मॅनेजर रुलमन यांस,

नवा खेळाडू पहिला होमरन मारून, चेंडू थेट मैदानाबाहेर धाडून, डगआउटमधल्या बाकाकडे परत आला की त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, आणि मग एकदम सगळ्यांनी आनंदानं त्याच्या अंगावर तुटून पडायचं, ही आपली बेसबॉलवाल्यांची जुनी गंमत. म्हणून मंगळवारी चेंडू वरच्या गॅलरीत धाडून मी परतलो आणि सगळे गप्प दिसले, तेव्हा मी येड्यासारखा हसत बाकावर बसून राहिलो. सामना संपला तरी कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मला खालच्या लीगमध्ये पाठवायचं सकाळीच ठरलं होतं, हे एक मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

नंतर तुम्ही म्हणालात, "टॅकेट, तू लांब मारतोस रे, पण रोज मारत नाहीस."

आठवड्यातून एकदा, तेही समोर चेंडू टाकायला डावखुरा पिचर असला तरच खेळवलंत. बाकी दिवस बाकावर सूर्यफुलाच्या बिया चघळल्या. रोज मारू कशानं, त्या बियांनी?

इथे खालच्या लीगमध्ये मी रोज खेळतोय आणि रोज मारतोय. हे पत्र टाकणार नाही, कारण वरच्या संघात परत यायचं बोलावणं तुम्हालाच धाडावं लागेल. तुमच्याकडे परतून मारलेल्या दुसऱ्या होमरनला ती गप्प बसायची गंमत चालत नाही. त्या दिवशी सगळे ओरडतील. गप्प बसायची पाळी तुमची.

तुमच्या बाकावर पुन्हा न बसणारा,
वेंडेल टॅकेट