पितळी घागर परत

धुळे,
चैत्र वद्य दशमी, शके १८७१

तीर्थस्वरूप रुपचंदभाऊ यांस,

कमलचा साष्टांग नमस्कार. तुमचा निरोप सुपडू गाडीवानाकडून पोचला. चाळीसगावी वहिनी व मुलं खुशाल, हे कळून बरं वाटलं. इकडे ऊन फार. सासूबाईंचे गुडघे धरलेत. भट्टी बंद असल्यानं घर तेवढं थंड राहतं.

आखाजीला न्यायला येतो म्हणता. ह्यांच्या नावानं अक्षय्य तृतीयेची पहिली घागर भरायची, म्हणून नवी पितळी घागरही पाठवलीत. सासूबाईंनी तिला हात लावला नाही. म्हणाल्या, "मरेल माणूसले मातीनी घागर लागस. आनि हाई तेच पितळनी शे."

भाऊ, जरा तरी लाज!

लढाईत उरलेली तोफगोळ्यांची पितळी नळकांडी तुम्ही लिलावात घेतलीत. एकेक तपासून द्यायचं तुमच्याकडे होतं, वितळवायचं ह्यांच्याकडे. माघात तुम्ही अंगणात गाडी रिकामी केलीत. ह्यांनी एक उचलून विचारलं, "हे जड कसं?" तुम्ही हसलात. "माती बसेल शे. बठ्ठं रिकामं शे, बिनघोर भट्टीमा टाका." सोयऱ्याच्या तोंडावर त्याचा माल कोण पारखतो? ह्यांनी ते ढिगात ठेवलं.

पुढचं लिहवत नाही. भट्टीवरचं उडालेलं छप्पर अजून उघडंच आहे.

आणि फौजदारापुढे तुम्ही काय सांगितलंत? मेहुण्यानं तोफेची दारू चोरून विकायला गोळा फोडला! चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच. ज्यानं गिऱ्हाइकाच्या पितळेचा कण कधी ठेवून घेतला नाही, त्याला मेल्यावर चोर केलंत. गल्लीत आता हे चोराचं घर आहे. सासूबाई पाण्याला जायच्या बंद झाल्या.

सुतकात मला कुणी काही विचारलं नाही. पण गाडी रिकामी केलीत त्या दिवशी तुमच्यासाठी चहा घेऊन मी दारातच उभी होते, हे तुम्ही विसरलात.

आखाजीआधी या आणि फौजदारापुढे खरं सांगा. मग मुराळी होऊन या, मी गाडीत बसेन. नाही आलात, तर मीच जाऊन सांगेन. मग मला माहेर नाही असं समजेन.

घागर सुपडूबरोबर परत पाठवते आहे. आम्ही कुंभाराकडून आणली.

दर पत्राखाली 'तुमची धाकटी बहीण' लिहीत आले. आज लिहवत नाही. ह्यांचं नाव जन्मात घेतलं नाही. पण तुम्ही ते चोराचं म्हणून लिहवलंत, म्हणून माझ्या हातानं धुऊन लिहिते.

कमल हिलाल तांबट