पावसाविना जिंकलेला डाव

मेडनहेड,
गुरुवार

प्रिय वैजयंती,

टपालाने आलेले पाकीट पाहून तू क्षणभर बुचकळ्यात पडशील, कारण आपल्या दोघांमध्ये आजवर जे काही बोलणे झाले ते खेळ चालू असताना, कानाला हेडफोन लावून. फोन करण्याचा विचार मी केला होता. पण फोनवर बोलू लागलो की मी आपोआप मुद्दे मांडू लागतो, आणि मुद्दे मांडल्याने काय होते ते गेल्या रविवारी आपण दोघांनीही पाहिले. तुझी लेक मायरा तुला कायमचे मेलबर्नला बोलावते आहे, महिनाअखेरपर्यंत तिला हो किंवा नाही कळवायचे आहे, असे सांगून तू मला विचारलेस, ‘तुला काय वाटतं?’ मी उत्तर दिले. ते दिल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. म्हणून हातात पेन घेतले आहे. पेनाने लिहिताना निदान खोडता येते आणि खोडलेले दिसतेही.

या आठवड्यात मी खेळातल्या प्राण्यांची माझी उन्हाची टीम किती वेळा मोडली आणि पुन्हा बांधली, हे सांगायला मला संकोच वाटतो. ऑफिसातून आलो की कोट न काढताच कन्सोल सुरू करतो. लाल घोरपड काढतो, तिच्या जागी दुसरे कोणी घेतो, सरावाच्या दोन फेऱ्या खेळतो, समाधान होत नाही, पुन्हा घोरपडच आणतो. मग उठून टेम्सच्या काठाने बोल्टर्स लॉकपर्यंत चालत जातो. तिथे बोटींसाठी दरवाजे उघडतात, पाणी एका पातळीवर येईपर्यंत बोटी थांबतात आणि पुढे जातात. एरवी मला ते पाहायला आवडते. या आठवड्यात मात्र तिथेही उभे राहवले नाही. काल तर मी भाजी फोडणीला टाकून मधेच टीममधल्या टोळाला कोणती चाल शिकवावी याचा विचार करत बसलो, आणि स्मोक अलार्म वाजल्यावर भानावर आलो. शेजारच्या बाई विचारायला आल्या. त्यांना मी काय सांगणार होतो?

आपण भेटलो तेही आठवले. इथल्या मराठी मंडळांनी दिवाळीनिमित्त मुलांसाठी या खेळाची ऑनलाइन स्पर्धा ठेवली होती आणि कोणीतरी गंमत म्हणून ‘मोठ्यांचा गट’ असाही एक रकाना जोडला. त्यात तीन नावे आली. पिनरच्या नंदू देशमुखांचे इंटरनेट पहिल्याच फेरीत बंद पडले, म्हणजे गट तुझा आणि माझा उरला. आमचा सुयश नोकरीसाठी लीड्सला गेला तेव्हा त्याचा कन्सोल इथेच राहिला होता. अलका वारल्यानंतर संध्याकाळी घरात काहीतरी हलते असावे म्हणून मी तो लावत असे आणि पुस्तक अभ्यासावे तसा त्या खेळाचा अभ्यास करत असे. तू मात्र तो तुझ्या वॉर्डातल्या मुलांकडून शिकलेली. ‘माझे पेशंट आधी मला हरवतात आणि मग मुकाट्याने इंजेक्शन घेतात, असा आमचा करार आहे,’ असे तू सांगितलेस, तेव्हा मी हसलो होतो. मी तुला ‘डॉक्टर, आपण’ असे काहीतरी म्हणालो, त्यावर तू म्हणालीस, ‘हे बघ, दोन जनावरं एकमेकांच्या अंगावर सोडायची आणि वर अहोजाहो करायचं, हे मला जमणार नाही. तू म्हण.’

त्या पहिल्या सामन्यातली माझी चूक तू अजून मंडळात सांगतेस. मी उन्हाची टीम निवडली होती, कारण तिच्यात शिस्त आहे. एक प्राणी मैदानात उतरतो आणि त्याच्याबरोबर ऊन पडते. ते ऊन मोजक्या फेऱ्या टिकते. तेवढ्यात आगीचे हल्ले जोरकस होतात, पाण्याचे हल्ले निम्मे पडतात, आणि पानाफुलांच्या जातीचे प्राणी दुप्पट वेगाने धावू लागतात. प्रत्येकाचे काम ठरलेले, प्रत्येकाची वेळ ठरलेली. ऊन आणणाऱ्या माझ्या खवल्यामांजराचे नाव मी तात्या ठेवले, आणि त्यांच्यातला प्रत्येक गुण वाढवता येईल तितका वाढवला, त्यात वेगही. कोणताही आकडा कमी ठेवायचा, ही कल्पनाच मला सुचली नाही. सामना सुरू झाला, माझे तात्या तडफेने पुढे आले, लख्ख ऊन पडले. मग तुझे पाणमांजर, तू ज्याला मावशी म्हणतेस ते, रमतगमत आले आणि माझ्या उन्हावर पाऊस पाडून बसले. दोघेही एकाच वेळी उतरले तर नंतर पोचणाऱ्याचे हवामान टिकते, हा नियम मी वाचला होता, पण त्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला. तू हेडफोनमधून म्हणालीस, ‘अरे, तात्यांना धावायला कोणी सांगितलं? त्यांना जरा चहा पिऊ देत, मग पाठव.’ त्यानंतर मी महिनाभर खपून तात्यांना देशातले सर्वांत मंद खवल्यामांजर बनवले. तू त्याच महिन्यात मावशींना त्यांच्याहून मंद केलेस.

तेव्हापासून रविवारची दुपार ठरून गेली. तात्या आणि मावशी यांपैकी कोण उशिरा पोचते, कोणाला मागे घेऊन पुन्हा उतरवायचे, ऊन संपायला एक फेरी राहिली असताना पाऊस आणायचा की थांबायचे, यातच दोन वर्षे गेली. ग्लासगोला प्रत्यक्ष स्पर्धा होती तेव्हा मी आलो होतो. त्या हॉलमध्ये आपल्या दोघांचे वय जोडून पाहिले तर इतर कोणत्याही टेबलापेक्षा जास्त भरले असते. दोघेही तिसऱ्या फेरीच्या आत बाहेर पडलो, आणि बाहेर पाऊस होता, म्हणून तू मला क्लाइड नदीजवळच्या त्या लहानशा कॅफेत नेलेस. तिथे बटाट्याचे स्कोन खाताना तू माझ्या टीमचे विच्छेदन केलेस. तू म्हणालीस, ‘रघुवीर, तुझ्या सहाच्या सहा जणांना ऊन लागतं. तात्या पडले की बाकीचे पाच घरजावयासारखे बसून राहतात. एखादा तरी असा ठेव, ज्याला हवामानाशी काही देणंघेणं नाही.’ मी तुला सुसंगतीचे महत्त्व पटवून देत होतो. तू ऐकत होतीस आणि माझ्या बशीतला स्कोन संपवत होतीस.

आता गेल्या रविवारकडे येतो. तू प्रश्न विचारलास आणि मी, एखाद्या ग्राहकाला सल्ला द्यावा तशा, दोन्ही बाजू मांडल्या. मायराला बाळ होणार आहे. तुझी निवृत्ती जवळ आली आहे. ग्लासगोच्या थंडीत तुझा गुडघा दुखतो. मेलबर्नला मराठी माणसे पुष्कळ आहेत. ते घर तू एकटी किती वर्षे सांभाळणार? प्रत्येक मुद्दा बरोबर होता. आजही त्यातला एकही मला खोडता येत नाही. शेवटी मी म्हणालो की सर्व बाजूंनी विचार करता जाणे श्रेयस्कर दिसते. ‘श्रेयस्कर’ हाच शब्द मी वापरला.  तू म्हणालीस, ‘बरं. अगदी मुद्देसूद सांगितलंस. चल, खेळू या.’

आणि मग तू मावशींना आणलेच नाहीस. मी पहिल्या फेरीत वाट पाहिली, मग दुसऱ्या फेरीत. तात्या सावकाश आले, ऊन पडले, आणि ते कोणी पुसले नाही. माझा पानाच्या जातीचा टोळ दुप्पट वेगाने धावला, घोरपडीने एकेका हल्ल्यात तुझा एकेक प्राणी बाद केला. दोन वर्षे ज्या क्रमाची मी कागदावर आखणी करत होतो, तो क्रम शब्दशः पार पडला. इतका निर्दोष सामना मी कधी खेळलेलो नाही. संपल्यावर तू म्हणालीस, ‘छान खेळलास,’ आणि नेहमीप्रमाणे मला चिडवले नाहीस, पुढच्या रविवारचे काही बोलली नाहीस, लॉग आउट केलेस. मी मात्र तिथेच बसून राहिलो. पडद्यावर माझी सहाही जनावरे विजयाच्या आनंदात उड्या मारत होती आणि मला तो पडदा बंद करावासा वाटत होता.

प्रथम मला राग आला, हे कबूल करतो. तू मुद्दाम हरलीस असे मला वाटले, आणि मुद्दाम हरणे हा समोरच्याचा अपमान आहे, असे मी मानतो. मंगळवारी मी सामन्याची ध्वनिचित्रफीत पुन्हा पाहिली. तू मुद्दाम हरली नव्हतीस. बाकी पाच जनावरांनी तू मनापासून लढलीस, शेवटच्या फेरीपर्यंत. फक्त पाऊस तू आणला नाहीस. म्हणजे मला माझ्या मनासारखे हवामान तू देऊन टाकलेस. मी जाणे श्रेयस्कर म्हटले होते, आणि तू मैदानातून बाजूला होऊन ते कसे दिसेल हे मला दाखवलेस, असा अर्थ मी लावला. कदाचित तुझ्या मनात असे काही नसेलही. कदाचित तू नुसती दमली असशील. पण मंगळवारपासून मी टीम बांधतो आहे ती कोणाविरुद्ध बांधतो आहे, हेच मला उमगेनासे झाले आहे. कोणती चाल चांगली, कोणते प्रशिक्षण योग्य, हे सगळे मी आजवर मावशी समोर उभ्या आहेत असे धरून ठरवले होते. त्या नसतील तर तात्यांना इतके मंद ठेवण्याचे कारणच उरत नाही.

काल सुयशचा फोन आला. अलार्मचा प्रकार मी त्याला सांगितला, आणि मग टीमबद्दलही सांगितले, कारण या विषयावर तो माझ्याशी धीराने बोलतो. मी घोरपडीविषयी बोलत राहिलो. तो बराच वेळ ऐकून म्हणाला, ‘बाबा, टीममध्ये काही प्रॉब्लेम नाहीये. वैजयंती आंटी ऑस्ट्रेलियाला जाणार, त्याची प्रॉब्लेम आहे. तुम्ही तिला सांगितला का, की तुम्हाला ते नको आहे?’ मी म्हणालो, तिने माझे मत विचारले होते, इच्छा विचारली नव्हती. तो म्हणाला, ‘बाबा, सीरियसली?’  एरवी मी त्याचे मराठी सुधारतो. काल सुधारले नाही.

तेव्हा हे पत्र लिहिण्याचे कारण असे. रविवारी मी तुला जे सांगितले ते माझे मत होते, आणि ते मत मी मागे घेत नाही, कारण ते बरोबर आहे. पण तू जाऊ नयेस असे मला वाटते. याच्या पुष्ट्यर्थ माझ्याकडे एकही मुद्दा नाही. मायराच्या बाजूला एवढे काही आहे आणि माझ्या बाजूला मी आहे. मला वाटते, तू विचारलेस तेव्हाच मला हे म्हणायचे होते. शनिवारच्या गाडीने मी ग्लासगोला येतो आहे. तिकीट काढले आहे, कन्सोल आणणार नाही. तू जायचे ठरवले असशील तर ते मला दारातच सांग. मी आत येऊन पुस्तकांची खोकी भरायला लागेन, कारण तुझ्या गुडघ्याला तो जिना झेपणार नाही आणि हे काम मला नीट येते. ठरवले नसशील, तर आधी चहा ठेव, आणि मी बोलायला लागल्यावर मुद्दे मांडू लागलो तर मला मधेच थांबव.

तुझाच,
रघुवीर