सुमनचा ब्रश

इंदूर, १२ फेब्रुवारी १९५४

आदरणीय पागे मास्तर,

आज सुमनचं तेरावं झालं. पाहुणे दुपारच्या गाडीनं गेले.

शाळेच्या खास चित्रकला वर्गासाठी तुम्ही तिला मागायला आलात, तेव्हा मी म्हणालो होतो, “मास्तरजी, कागद-रंग फुकट जातील.” तुम्ही हसलात. “आमच्याकडे आधी फरशीवर पाण्यानंच काढतात, दौलतरावजी.”

आजारपणात ती खाटेवरून वाकून, तुम्ही दिलेला ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर चिमण्या काढायची. वाळल्या की म्हणायची, “बाबा, उडाल्या.” तिचे शेवटचे महिने तुमच्यामुळे सुखाचे गेले. हे तुम्हाला कळवायला हवं, पण पत्र टाकणं माझ्याच्यानं होणार नाही.

ब्रश शाळेचा आहे. उद्या दुसऱ्या मुलीसाठी देऊन येईन. मघाशी मीही एक चिमणी काढली. ती कावळ्यासारखी दिसली. वाळेपर्यंत बसलो, मग ब्रश धुऊन खिडकीत ठेवला.

आपला ऋणी,
दौलतराव जगदाळे