प्रयाग नव्हे, प्राग

मेहकर,
२२ एप्रिल, दुपारचे चार

आदरणीय सोजराबाई यांस,
धाकट्या बहिणीच्या, बेबीच्या, नवऱ्याचा, म्हणजे दयारामचा, मनापासून जय भीम.

आम्ही दोघं इथे बरे आहोत. तुम्हीही तिकडे जळगाव जामोदला बऱ्या असाल असं धरून लिहायला बसलो आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्हाला अंगणातून सातपुड्यावरची झाडं वेगवेगळी दिसतात, असं तुमच्या सुनेनं, सारिकानं, फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. हे पत्र त्याच डोळ्यानं वाचावं, सारिकाला वाचायला लावू नये, कारण मजकूर घरगुती आहे. दोन मिनिटांचा फोन करायचा सोडून हा माणूस कागद काय काळे करतो, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर बेबी शेजारी बसते आणि माझी वाक्यं तीच पुरी करते. (आत्ता ती चक्कीवर गेली आहे, आणि तिथे गर्दी असावी अशी माझी इच्छा आहे.)

तर विषय असा, की महामायानं आम्हाला बोलावलं आहे. तुमची भाची जर्मनीत ड्रेस्डेन नावाच्या गावी दवाखान्यात नर्स आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिला मे महिन्यात सुटी आहे. तिनं आमची दोघांची विमानाची तिकिटं काढली आणि म्हणाली, बाबा, पंधरा दिवसांतले तीन दिवस आपण प्रागला जाऊ, जुनं शहर आहे, रेल्वेनं अडीच तासांवर. त्या तीन दिवसांची आखणी मात्र तुम्ही करा. सोजराबाई, हे वाक्य तिनं कोणापुढे उच्चारलं याचा विचार करा. एकतीस वर्षं मी मेहकरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. खामगाव, चिखली, लोणार, रिसोड, जालना, सगळीकडे मी माणसं पाठवली. कोणती गाडी कुठे लागेल, किती वाजता सुटेल, वाटेत कुठे थांबेल, हे माईकवर सांगता सांगता माझे केस पांढरे झाले. स्वतः मी मात्र नागपूरची दीक्षाभूमी आणि तुमचं जळगाव सोडलं तर कुठे गेलो नाही. (लग्नाला बुलढाण्याला आणि आता व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला गेलो होतो, ते प्रवासात धरत नाही.)

मी त्याच दिवशी एका मोठ्या पुठ्ठ्यावर प्रागचा नकाशा उतरवून घेतला. मधून नदी जाते, तिचं नाव व्ल्टावा. (म्हणताना जीभ दोनदा अडखळते, मग बसते.) नदीवर सहाशे वर्षांहून जुना दगडी पूल आहे, त्याच्या दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे उभे आहेत. अलीकडे जुनं गाव, पलीकडे टेकडीवर किल्ला. चौकात एक घड्याळ आहे, त्याचे ठोके पडले की वर दोन खिडक्या उघडतात आणि आतून बाहुल्या फिरून जातात. आणि गावातून ट्राम धावतात. त्यांचं वेळापत्रक मला मोबाइलवर सापडलं. बावीस नंबरची ट्राम किल्ल्याकडे जाते, थोड्या थोड्या मिनिटांनी एक, आणि प्रत्येक थांब्यावरची वेळ लिहिलेली. मी ते शेवटपर्यंत वाचलं. डोळ्यांत पाणी आलं म्हणायला लाज वाटते, पण आलं.

तेव्हापासून माझं एक होऊन बसलं आहे. दुपारी जेवण झालं की मी ओट्यावर लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकतो. समोरचा रस्ता तापून पांढरा झालेला असतो, शेळ्या भिंतीला चिकटून उभ्या असतात, आणि मी डोळे मिटले की पुलावर असतो. सकाळ असते. नदीवर धुकं असतं, इतकं की पुढचा पुतळा जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. पायाखालचे दगड ओले. खाली पाण्यात हंस. कुठल्या तरी गल्लीतून भाजलेल्या पावाचा वास येतो आणि दूर ट्रामची घंटा वाजते. मी सावकाश चालतो, एकेका पुतळ्यापाशी थांबतो, पलीकडे उतरून चढाला लागतो. बेबी आतून विचारते, "कुठं आहा जी?" मी म्हणतो, "पुलावर." ती म्हणते, "उतरले का मंग चहा घ्या."

महामायानं सांगितलं होतं की तिथे रोज दहा किलोमीटर चालावं लागेल, तेही दगडी रस्त्यावर. म्हणून आम्ही रोज पहाटे उठून पैनगंगेच्या पुलापर्यंत जाऊन येतो. बेबीनं पांढरे स्पोर्टचे बूट घेतले, लुगड्याखाली ते घालून ती पुढे चालते. मी मागे राहतो. (तिच्यावर लक्ष ठेवायला कोणी तरी मागे पाहिजेच.) अशाच एका सकाळी आमच्या शेजारच्या पुष्पाबाई पुलावर भेटल्या. मोठ्या मनाची बाई, चार एकर शेती एकटी पाहते. कुठली एवढी तयारी म्हणून त्यांनी विचारलं. मी दम लागलेला असल्यानं थोडक्यात म्हणालो, "प्रागले चाललो." तो दम मला फार महागात पडला.

दुपारी पुष्पाबाई झाकणाचा पितळी गडू घेऊन दारात. घासूनपुसून लख्ख केलेला. "दयारामभाऊ, माह्या सासूच्या नावानं एवढं पाणी आणजा. लई मनात होतं तिच्या." मी गडू घेतला. परदेशातून आठवण म्हणून लोक काय काय मागवतात, हिनं पाणी मागवलं, म्हणून मला कौतुकच वाटलं. संध्याकाळी आमच्या विहाराच्या समितीचा सचिव प्रसेनजित दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आला. तिघंही खुर्चीच्या टोकावर बसले आणि चहाला नाही म्हणाले. आमच्याकडे माणूस चहाला नाही म्हणाला की समजावं, काही तरी मोठं आहे.

"काका, एक इचारू का? राग नका मानू."

"इचार ना."

"तुमी प्रयागले जाऊन राह्यले म्हणते. काऊन?"

(त्यानं काय म्हटलं आणि मी काय ऐकलं, हे आता कळतं. तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं गावच नव्हतं.) मी म्हणालो, "महामायानं बोलावलं."

"थे प्रयागले काय करते?"

"थे ड्रेस्डेनलेच असते. तथून अडीच तासावर आहे."

प्रसेनजितनं दोघा म्हाताऱ्यांकडे पाहिलं. मग खूप हळू आवाजात, दवाखान्यात विचारतात तसं विचारलं, "तथी जाऊन तुमी डुबकी घेसान का, काका?"

"पाण्यात कोण उतरते एवढ्या थंडीत? बोटीत बसू फार त. पुलावरून पाहू."

म्हाताऱ्यांपैकी एकानं डोळे मिटून घेतले. माणूस चाळीस वर्षं चळवळीत होता, जयंतीची मिरवणूक यानंच शिस्तीत लावली, आणि म्हातारपणी हे काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं. तेवढ्यात बेबी हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली. "अवं बाप्पा, प्रयाग नाई, प्राग! युरपातलं! तथी गंगा नाई न् काई नाई!" मग प्रसेनजित असा हसला की शेळ्यांनी दावं तोडायचं बाकी ठेवलं. तिघांनी दोन-दोन वेळा चहा घेतला. पण गावात गेलेली बातमी परत आणायची कशी? त्यावर असं ठरलं, की रविवारी वंदना झाल्यावर मी विहारात सगळ्यांसमोर प्रागबद्दल बोलावं.

सोजराबाई, त्या रविवारी तुम्ही हव्या होत्या. पुठ्ठ्यावरचा नकाशा मागच्यांना दिसेना, म्हणून मी विहाराच्या फरशीवरच खडूनं शहर काढलं. निळ्या खडूची नदी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यावर पूल, दोन माणसं शेजारी चालतील एवढा. लोक दोन्ही काठांवर मांडी घालून बसले. मी सांगत गेलो, इथे घड्याळ, इथे ट्राम वळते, इथून चढ लागतो. लोकांनीही सोडलं नाही. तिथे बायकांसाठी बाथरूम जागोजागी आहे का, जेवणात तिखट असतं का, पुतळे राजांचे आहेत की साध्या माणसांचे. (साधुसंतांचे आहेत. त्यावर थोडी चर्चा झाली.) मग पंच्याहत्तरीची एक आजी उठली. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण केलेली बाई, मेहकर तालुक्याच्या बाहेर गेलेली नाही. तिनं लुगड्याचा काठ जरा उचलून धरला, पाण्याला लागू नये तसा, आणि खडूच्या पुलावरून एकेक पाऊल टाकत पलीकडे गेली. "उतरली बाप्पा," म्हणाली आणि बसली. कोणी हसलं नाही. मग एकेक करून सगळेच उठले आणि जाऊन आले. शेवटी नदी पुसून गेली, पण तोवर सगळ्यांचं प्राग पाहून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गडू परत करायला पुष्पाबाईंकडे गेलो आणि खरं काय ते सांगितलं. माझ्या हातातल्या गडूचं झाकण त्यांनी उघडून परत लावलं. मग म्हणाल्या, "नदी आहे ना तथी? मंग भरा. नदीले काय ठाऊक तिचं नाव काय ठेवलं थे." गडू त्यांनी परत घेतला नाही.

इथवर सगळं गोड आहे. आता अडचणीकडे येतो. अडचण बेबी आहे. तिला जायचं नाही. तोंडानं ती तसं म्हणत नाही, पण छत्तीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं तर ओळखतो. तिचा गुडघा दुखतो, हे ती माझ्यापासून लपवते, म्हणून तर मुद्दाम पुढे पुढे चालते. मोबाइलवरून जर्मन शब्द पाठ करते, भाकरी वाढली की "बिट्टे", म्हणजे घ्या, म्हणते आणि मी "दांके", म्हणजे आभार, म्हटल्याशिवाय भाजी देत नाही. हे सगळं आतल्या भीतीचं लक्षण आहे. परवा तिनं दोन परकरांना आतून चेनचे खिसे शिवले. घाबरल्याशिवाय कोणी असं करेल का? दोन शेळ्या आहेत, त्या दुसऱ्याच्या हातानं खात नाहीत. विमान नऊ तास हवेत राहतं, खाली थांबा नाही. एवढ्या साध्या बाईला हे सोसेल का, या विचारानं माझी झोप उडाली आहे. स्वतःचं म्हणाल तर मी काय, केव्हाही निघेन.

पत्र लांबलं. मुलांना आशीर्वाद, सारिकाला जय भीम. डोळ्याचे थेंब वेळेवर घालावेत.

आपला नम्र,
दयाराम

ता. क. : ज्यासाठी लिहायला बसलो ते राहूनच गेलं. एवढं करा, बेबीला फोन करून म्हणा, की मला एकटीला करमत नाही, मे महिन्यात तू पंधरा दिवस माझ्याकडे ये. मोठ्या बहिणीचा शब्द ती मोडणार नाही. महामायाला काय सांगायचं ते मी पाहून घेईन. हे मी सुचवलं असं मात्र कळू देऊ नका.

ता. क. दुसरा : बाई, जय भीम. मी बेबी. चक्कीवरून आली त हे ओट्यावर डोळे मिटून बसलेले, अन् पत्र टेबलावर. सगळं वाचलं. बाई, माहा गुडघा दुखत नाई. माही बॅग भरून कपाटावर ठेवली आहे. भेव मले नाई, यायले वाटते. ठसे द्यायले मुंबईले गेलो तवा यायनं खिडकीवरच्या पोरीले इचारलं, इसा नाई भेटला त आमच्यावर काई कारवाई होते का? थे नाई म्हणली त यायचा चेहरा फुलला. दोघायचे पासपोर्ट इसा लागून आले, आठ रोज झाले. यायनं थे गव्हाच्या कोठीत घातले, अन् मले सांगते अजून आले नाई. मले सापडले. मी बोलली नाई. वाटलं, आपल्या हातानं काढून देतीन. शेळ्या पुष्पाबाई सांभाळणार आहे, तिच्या हातचं थ्या सरकीसुद्धा खातात. यायच्या मनात काय आहे थे तुमीच इचारा. माह्यासमोर सांगत नाई.

ता. क. तिसरा : वरचा मजकूर वाचला. खरा आहे. शेळ्यांचंही खरं आहे.

सोजराबाई, विमानाची भीती आहे, पण ती थोडी. एकतीस वर्षं मी सगळ्यांना गाडीत बसवून दिलं आणि खाली उभा राहिलो. मला कोणी चढा म्हटलं नाही आणि मला ते बरं वाटत गेलं. आता चढायची वेळ आली तर पाय उचलत नाही. दुसरं, मला तो पूल फार आवडतो. रोज दुपारी मी तिथे जाऊन येतो. खरोखर गेलो आणि तो तसा नसला, गर्दी असली, धुकं नसलं, तर परत आल्यावर दुपारी मी कुठे जाऊ?

हे एवढं मी आत्ता बेबीला वाचून दाखवलं. मला वाटलं ती हसेल. तिनं पिठाचे हात पदराला पुसले आणि म्हणाली, "रोज एकलेच जाता तथी. मले कव्हा नेता?"

पासपोर्ट कोठीतून काढून आणले आहेत, गव्हाचा भुसा झटकून टेबलावर ठेवले आहेत. पहिल्या ता. क. मधली विनंती रद्द समजावी. तिच्याऐवजी असं करा : सोमवारी सकाळी आठला फोन करा आणि मला चांगलं रागवा. बेबी रागावते तेव्हा तिचा आवाज मधेच मऊ पडतो, तुमचा पडत नाही. मी गुडघा, शेळ्या, ऊन असं काही सांगू लागलो तर ऐकून घेऊ नका. आणि फोन उचलायला उशीर झाला तर ठेवू नका, वाजू द्या. मी बॅग भरत असेन.